मोझेलकाठची वारी: कोब्लेंझ ते ट्रिअर

नकाशावर ही वाट नदीकाठची दिसते, पायाखाली मात्र ती डोंगराची असते. जर्मनीतल्या कोब्लेंझ ते ट्रिअर सरळ रेषेत अंतर भरेल ९५ किलोमीटर, पण मोझेल नदी इतकी वळणं घेते की पात्राने मोजलं तर ते १९०च्या घरात जातं. मोझेल कामिनो नावाची ही पायवाट त्यातली बरीच वळणं डोंगर ओलांडून कापते. नदी सोडायची, द्राक्षमळ्यांतून दोन-अडीचशे मीटर वर चढायचं, माथ्यावरच्या रानातून चालायचं आणि पुन्हा नदीवर उतरायचं. असं दिवसातून दोनदा, कधी तीनदा. म्हणून इथे मुक्काम किलोमीटर बघून ठरवू नये, चढ मोजून ठरवावा. सपाटीवर ताशी साडेचार किलोमीटर चालणारा माणूस इथे ताशी तीनवर येतो. पहिल्याच दिवशी फसगत होते ती या हिशेबात.

एकूण वाट १६० ते १८० किलोमीटर, कुठून मोजता आणि किती आडवळणं घेता त्यावर. टप्पे साधारण आठ. निळ्यावर पिवळा शिंपला ही खूण, म्हणजे संत याकोबाची. ही वाट पुढे फ्रान्समार्गे स्पेनपर्यंत जोडलेली आहे. पण ट्रिअरला पोचणाऱ्याचं दैवत याकोब नव्हे, मत्थिया. येशूला दगा देणाऱ्या यहूदाच्या जागी चिठ्ठ्या टाकून निवडलेला तो बारावा प्रेषित. आल्प्स पर्वताच्या उत्तरेला प्रेषिताची म्हणून मानली जाणारी एकच समाधी आहे, ती याची. ऱ्हाइनच्या खालच्या अंगाच्या गावांतून मत्थियाची मंडळं शेकडो वर्षं पायी ट्रिअरला येतात, मुख्यत्वे येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या सुमारास. प्रत्येक मंडळाला एक प्रमुख, चालताना गाणी आणि प्रार्थना, ठरलेले मुक्काम. आपल्याकडच्या माणसाला दिंडी समजावून सांगावी लागत नाही, तसं हेही समजावून सांगावं लागत नाही. फक्त दिंडीची गर्दी इथे नाही. वर्षातले बाकीचे दिवस वाट रिकामी असते.

सुरुवात स्टोल्झेनफेल्सला, ऱ्हाइनच्या काठी. पण आमचा आग्रह असा की आदला दिवस कोब्लेंझला घालवावा आणि संत कास्टोरच्या चर्चपासून निघावं. दोन नद्यांच्या संगमावर हे चर्च ८३६ साली उभं राहिलं आणि त्याच वर्षी कार्डेन गावाहून संत कास्टोरच्या अस्थी इथे आणल्या. कार्डेन आपल्या दुसऱ्या मुक्कामाला येतं. म्हणजे अस्थी ज्या वाटेने खाली आल्या, त्या दिशेने आपण वर जातो. ८४२ साली याच चर्चमध्ये सम्राट शार्लमेनच्या नातवांचे दूत जमले होते. राज्याची वाटणी कशी करायची याची बोलणी झाली आणि पुढल्या वर्षी व्हेर्दंचा तह झाला.

संगमावरचा घोड्यावरच्या कैसरचा, म्हणजे जर्मन सम्राटाचा, पुतळा सगळे बघतात. आम्ही चर्चसमोरचं दगडी कारंजं दाखवतो. १८१२ साली नेपोलियनची फौज रशियावर निघाली तेव्हा फ्रेंच प्रशासकाने त्या मोहिमेच्या स्मरणार्थ ते बांधलं आणि त्यावर फ्रेंचमध्ये तसा लेख कोरला. मोहीम बुडाली. १ जानेवारी १८१४ च्या तारखेने रशियन सेनापतीने तो लेख न पुसता त्याखालीच कोरून घेतलं: पाहिलं आणि मंजूर, कोब्लेंझ शहराचा रशियन सेनापती. सरकारी कागदावर शेरा मारावा तसा. अक्षरं झिजली आहेत. सकाळच्या तिरक्या उन्हात ती बरी वाचता येतात, दुपारी दिसतही नाहीत.

निघण्याआधी तीन गोष्टी. यात्रेकरूचा पास काढून घ्या, त्यावर रोज शिक्के मारायचे. शिक्का बहुतेक चर्चांत मागच्या टेबलावर साखळीला बांधलेला असतो, पण शाईचं पॅड वाळलेलं असतं, म्हणून स्वतःचं छोटं पॅड खिशात ठेवा. पाठीवरचं वजन पाण्यासकट आठ-नऊ किलोंच्या वर जाऊ देऊ नका. आणि बूट जाड तळाचे हवेत, कारण इथला सगळा उतार स्लेटचा आहे. स्लेट म्हणजे शाळेतल्या पाटीचाच दगड. मळ्यांत तो कपच्यांनी पसरलेला असतो, उन्हात तापतो आणि रात्री ती ऊब वेलींना देतो, म्हणून इतक्या उत्तरेला द्राक्ष पिकतं. घरांवर आणि चर्चांवरही हाच दगड, माशाच्या खवल्यांसारखा एकावर एक रचलेला. पायाखाली मात्र तो ओला झाला की साबण होतो. पाऊस पडून गेल्यावर पहिला एक तास उतरण टाळा, किंवा काठ्या वापरा.

पहिला टप्पा आल्केनपर्यंत, वीस किलोमीटरच्या वर, बहुतेक रानातून. वाटेत दुकान मिळेल असं धरून चालू नये. आल्केनच्या डोक्यावर थुरांट किल्ला आहे, त्याला दोन बुरूज. कारण सरळ आहे: १२४६ ते १२४८ असा दोन वर्षं वेढा पडला आणि मग कलोन आणि ट्रिअरच्या आर्चबिशपांनी किल्ला अर्धा अर्धा वाटून घेतला. गावातल्या संत मिखाएलच्या चॅपेलखाली, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहाखाली, अस्थिगृह आहे. दफनभूमी लहान, माणसं पिढ्यान्‌पिढ्या, म्हणून जुनी हाडं काढून तिथे रचायची. लोखंडी जाळीतून कवट्यांची रांग दिसते. ज्यांना असलं बघवत नाही त्यांनी वरच्या वर पुढे जावं.

इथे एक वाट वाकडी करावी असं आम्हाला वाटतं. आल्केनसमोर पूल ओलांडला की ल्योफ स्टेशन. तिथून गाडीने कोबेर्न-गोंडोर्फ, आणि मग वरच्या किल्ल्यापर्यंत चढ. तिथे मत्थियाचं चॅपेल आहे, १२२० ते १२४० च्या दरम्यानचं, षट्कोनी. धर्मयुद्धातून परतलेल्या सरदाराने प्रेषिताच्या मस्तकाचा अवशेष आणला आणि तो ठेवायला हे बांधलं असं मानतात. आत सहा खांबांचे झुबके, प्रत्येक झुबक्यात पाच बारीक दगडी खांब. बाहेरून बसकी दिसणारी इमारत आत शिरल्यावर उंच होते. ते ठरावीक दिवशीच उघडं असतं, त्यामुळे आधी चौकशी केल्याशिवाय चढू नका. कुलूप बघून उतरणारे खूप भेटतात.

कार्डेनचं संत कास्टोर हे चर्च मात्र कोणत्याही सबबीवर चुकवू नये. तीन मनोरे, गावाच्या मानाने फारच मोठं. कारण ही ट्रिअरच्या आर्चबिशपांची या खोऱ्यातली महत्त्वाची जागा होती. आत मुख्य वेदीवर भाजलेल्या मातीच्या मूर्ती आहेत, १४२० च्या आसपासच्या. मध्ये मरिया आणि बाळ येशू, भोवती पूर्वेकडून आलेले तीन राजे. लाकडाच्या कोरीव वेद्या जर्मनीत गावोगाव मिळतील, मातीची टिकलेली अशी फार थोडी. भट्टीत एवढी मोठी आकृती एकसंध भाजणं अवघड. कुठे जाड कुठे पातळ राहिली की तडकते, म्हणून अशा मूर्ती आतून पोकळ ठेवतात. आपल्याकडच्या कुंभाराला हे लगेच कळेल. संध्याकाळी जायचं असेल तर पाचच्या आत जा, नंतर दार बंद होण्याची शक्यता जास्त. १७२८ चा ऑर्गनही इथे आहे, पण तो ऐकायला रविवारचा योग लागतो.

चर्चच्या दाराबद्दल एकदाच सांगून ठेवतो. ईस्टर ते ऑक्टोबर मोठी चर्चं दिवसा उघडी असतात. लहान गावात दार उघडं पण आत लगेच लोखंडी जाळी, म्हणजे बघा पण शिरू नका. पूर्वी वेद्यांवरच्या मूर्ती चोरीला गेल्या, त्याचा हा परिणाम. पाद्री कमी झाल्यामुळे एकच पाद्री अनेक गावं सांभाळतो आणि रविवारची प्रार्थना आळीपाळीने होते. ती कुठे आहे हे दारावरच्या काचेच्या पेटीतल्या कागदावर असतं. तो कागद वाचला तर त्या दिवशी कुठलं चर्च नक्की उघडं मिळेल तेही कळतं.

कार्डेनपुढचा टप्पा बुलाइपर्यंत लांबतो. आम्ही तो बाइलश्टाइनला तोडतो. कोखेमला जायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. तिथला किल्ला १६८९ मध्ये फ्रेंचांनी सुरुंग लावून उडवला, आज दिसतो तो बर्लिनच्या एका व्यापाऱ्याने १८६८ पासून नव्याने बांधलेला. फोटो छान येतो, बाकी पर्यटकांची जत्रा. बाइलश्टाइनचा किल्लाही त्याच वर्षी पडला, पण तो पडकाच राहिला, आणि त्यामुळे गाव खरं वाटतं. शंभरावर पायऱ्या चढून कार्मेलाइट साधूंच्या चर्चमध्ये पोचलात की काळी मरिया भेटते. सावळी मूर्ती बघून मराठी माणूस तिथे जरा जास्तच रेंगाळतो, एवढं खरं.

इथून पुढे आम्ही खुणांची वाट सोडून नदीच्या डाव्या काठाला जातो. बाइलश्टाइनहून नाव मिळते, नाही तर सेनहाइमचा पूल. एडिगेरच्या वरच्या क्रूस चॅपेलमध्ये सोळाव्या शतकातलं एक दगडी शिल्प आहे: येशू द्राक्षाच्या चरकात उभा, पाठीवर दाबाची तुळई क्रुसासारखी, आणि खाली रस. ज्या गावाचं पोट चरकावर चालतं त्या गावाने देवालाही चरकात उभा केला. पुढे ब्रेमचा काल्मोंट, युरोपातला सर्वांत उभा द्राक्षमळा, काही ठिकाणी ६५ अंशांचा. त्यातून लोखंडी दोरखंड आणि शिड्यांची वाट आहे. रिकाम्या पाठीने मजेची, नऊ किलोंचं ओझं घेऊन मूर्खपणाची. ब्रेमवरून नदीपल्याड एका चर्चच्या उघड्या भिंती दिसतात, तो श्टुबेनचा मठ. बाराव्या शतकात जोगिणींसाठी तो स्थापन झाला. १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपल लुटलं गेलं, त्या लुटीतली, येशूच्या क्रुसाचं मानलं जाणारं लाकूड ठेवलेली सोन्याची पेटी एका सरदाराने १२०८ साली या मठाला दिली. पेटी आता लिम्बुर्गला आहे आणि मठाला छप्परही उरलेलं नाही.

गाडीचा हिशेब इथे कळतो. कोखेम आणि एलरमध्ये ४.२ किलोमीटरचा बोगदा आहे, १८७९ सालचा. गाडी तो काही मिनिटांत ओलांडते, नदीला तेवढ्यासाठी वीस किलोमीटरच्या वर वळसा पडतो. पाय दुखला, फोड फुटला, पाऊस लागला तर कोब्लेंझपासून बुलाइपर्यंत स्टेशनं हाताशी आहेत. बुलाइनंतर मुख्य रेल्वे खोरं सोडून जाते. ट्राबेन-ट्रारबाखला एक फाटा जातो, त्यापुढे बस. शनिवार-रविवारी बस कमी, काही गावांत नाहीतच. म्हणून गुडघ्याची शंका असेल तर निर्णय बुलाइला घ्या, पुढे जाऊन नव्हे. बुलाइचा पूलही बघण्यासारखा आहे: १८७८ चा, वर रेल्वे, खाली रस्ता.

खाण्याचं. रविवारी दुकानं बंद, लहान गावांत बेकरी दुपारीच आवरते, आणि खाणावळीला आठवड्यातून एक-दोन दिवस सुट्टी असते, बहुधा सोमवार-मंगळवार. दोन खाणावळी असलेल्या गावात दोघींची सुट्टी एकाच दिवशी आली की उपास. पिशवीत एका जेवणाचं कायम राखून ठेवा. शाकाहारी मंडळींनी एक शब्द पाठ करावा: श्पेक. म्हणजे डुकराची खारवलेली चरबी. कांद्याच्या पाईमध्ये, परतलेल्या बटाट्यांत, सॅलडवरसुद्धा ती असते आणि वाढणाऱ्याच्या दृष्टीने ती मांसात धरत नाहीत. ‘ओने श्पेक’ म्हणायचं, म्हणजे त्याशिवाय. दारावर फांद्यांची जुडी टांगलेली दिसली तर तिथे मळेवाला स्वतःची वाइन आणि साधं खाणं विकतो. त्याला वर्षातून चारच महिने आणि चाळीस खुर्च्यांपुरती मुभा असते, त्यामुळे मागच्या वर्षी उघडं होतं म्हणून या वर्षी असेलच असं नाही. पाण्यासाठी दफनभूमीतला नळ उपयोगी पडतो, फुलांना घालायला तो असतो. पिण्याचं पाणी नाही अशी पाटी आहे का तेवढं बघा.

एप्रिल-मे चांगला, सप्टेंबरचा पहिला पंधरवडाही. जुलै-ऑगस्टमध्ये दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांवर दुपारी चालू नये, खालून स्लेट भाजते आणि वर सावली नाही. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर द्राक्षतोडणी, तेव्हा खोल्या मिळत नाहीत आणि मळ्यांतल्या वाटा बंद असू शकतात. उन्हाळ्यात सकाळी हेलिकॉप्टरने औषध फवारतात. फलक लावलेला असेल तर थांबा, तो शोभेचा नसतो. एका रात्रीसाठी खोली द्यायला अनेक घरमालक तयार नसतात, विशेषतः शनिवारी. पायी यात्रेकरू आहोत हे फोनवर आधी सांगितलं तर बऱ्याचदा ऐकतात. गवतातून चाललात तर संध्याकाळी पोटऱ्या आणि गुडघ्यांमागची बाजू तपासा. गोचिडी लहान असतात आणि त्यांचा ताप मोठा.

ट्राबेन-ट्रारबाखहून बेर्नकास्टेलला डोंगरावरून सात-आठ किलोमीटर, काठाने वीसच्या वर. हा एक चढ मन लावून चढावा, कारण खाली उतरून पूल ओलांडला की कूस येतं आणि आमच्या मते साऱ्या वाटेवरची सगळ्यात शहाणी वास्तू तिथे आहे. निकोलाउस फॉन कूस, १४०१ साली इथल्या नावाड्याच्या घरी जन्मलेला, पुढे कार्डिनल, म्हणजे पोपखालचा बडा धर्माधिकारी झाला, गणित आणि तत्त्वज्ञानावर लिहीत राहिला. त्याने आपली संपत्ती गावात वृद्धाश्रम काढायला दिली, दानपत्र १४५८ चं. ३३ माणसांसाठी, म्हणजे येशूचं वय जेवढं मानतात तितक्यांसाठी: सहा पाद्री, सहा सरदार घराण्यातले, एकवीस सामान्य, सगळे पन्नाशीपुढचे आणि गरजू. तो आश्रम आजही वृद्धांसाठीच चालतो आणि त्याच्या मळ्यांची वाइन त्याचा खर्च उचलायला मदत करते. साडेपाचशेवर वर्षं एक दानपत्र चालू आहे.

चॅपेल चौकाच्या कडेला. आत मधोमध एकच खांब, आणि त्याच्या डोक्यातून छताच्या साऱ्या फासळ्या पंख्यासारख्या निघतात. एका खांबावर सगळं छत तोलायचं तर चारी बाजूंचा रेटा सारखा यावा लागतो, म्हणून खोली जवळपास चौरस ठेवली आहे. वेदीसमोर जमिनीत पितळेचा पत्रा आहे, त्याखाली कार्डिनलचं हृदय. देह रोमला, १४६४ साली तो इटलीत वारला. हृदय मात्र आपल्या गावी ठेवावं अशी त्याची इच्छा होती. वेदीवरच्या चित्रात क्रुसाच्या पायथ्याशी गुडघे टेकलेला तो दिसतो, लाल वस्त्रात, आकाराने बाकीच्यांपेक्षा लहान. वरच्या ग्रंथालयात तीनशेवर हस्तलिखितं आणि १४४४ मध्ये न्यूरेंबर्गला विकत घेतलेली खगोलाची उपकरणं आहेत. ग्रंथालय वाटाड्याबरोबरच बघता येतं, म्हणून वेळ आदल्या दिवशी विचारा. चालणारा माणूस सकाळी लवकर निघून जातो आणि हे हमखास चुकतं.

मग मोंझेलवरून क्लाउझेन. पंधराव्या शतकात एबरहार्ड नावाच्या मजुराने झाडाच्या ढोलीत मरियेची मूर्ती ठेवली आणि लोक येऊ लागले, तिथे १५०२ मध्ये हे चर्च झालं. आत अँटवर्पची कोरीव वेदी आहे. तिच्यातल्या डझनावारी लहान आकृत्या खालून नीट दिसत नाहीत, लहान दुर्बीण असेल तर काढा. क्लाउझेन ते श्वाइख आणि श्वाइख ते ट्रिअर हे टप्पे पायाला सोपे आणि मनाला कंटाळवाणे. शेवटचे तास डांबरावर जातात आणि फोड तिथेच येतात. मोजे दुपारी बदला.

ट्रिअरला पोर्टा निग्रापासून शिरा. १७० सालच्या आसपासचं हे रोमन वेशीचं दार टिकलं ते एका साधूमुळे. सिमेओन नावाचा ग्रीक भिक्षू त्यात स्वतःला कोंडून राहिला, १०३५ मध्ये वारला, आणि वेशीचं चर्च झालं. चर्च म्हणून कोणी दगड पळवले नाहीत. नेपोलियनच्या हुकमाने नंतर चर्च उतरवलं, तरी पूर्वेचा अर्धगोल अजून चिकटलेला दिसतो. वेशीचे दगड चुन्याविना रचले आहेत, लोखंडी चापांनी जोडून. मध्ययुगात लोकांनी ते लोखंड उपसून नेलं, भिंतीवरची भोकं त्याचीच.

कॅथेड्रलमध्ये येशूचा म्हणून मानला जाणारा अंगरखा आहे, पण तो दिसत नाही. १९९६ आणि २०१२ सारख्या मोजक्या वर्षीच तो बाहेर काढला गेला. एरवी बंद चॅपेलकडे तोंड करून उभं राहायचं, एवढंच. दाराबाहेर पडलेला रोमन ग्रॅनाइटचा खांब मुलांनी घसरगुंडी करून गुळगुळीत केला आहे. शेजारचं लिबफ्राउएन चर्च तेराव्या शतकातलं, आराखडा बारा पाकळ्यांच्या गुलाबाचा, बारा खांबांवर बारा प्रेषित रंगवलेले. जमिनीत एक काळा दगड आहे. त्यावर उभं राहिलं तर बाराही एकदम दिसतात, एक पाऊल सरकलं की कुणी ना कुणी खांबाआड जातो.

मत्थियाचं चर्च शहराच्या दक्षिणेला आहे, पोर्टा निग्राहून पाऊण तास धरा. ११२७ मध्ये जुनी इमारत पाडताना अस्थी सापडल्या आणि नव्या चर्चची प्रतिष्ठा १३ जानेवारी ११४८ रोजी तिसऱ्या युजीन पोपने केली. तळघरात उतरायचं, तिथे शवपेटी आहे आणि शेजारी पहिल्या बिशपांच्या, ऑइखारिउस आणि व्हालेरिउस यांच्या. इथे बेनेडिक्टाइन साधू राहतात. शेवटचा शिक्का त्यांच्याकडे घ्या, पण प्रार्थनेच्या वेळी दारावर टकटक करू नका, फलकावर वेळा लिहिल्या आहेत. स्वर्गारोहणाच्या आठवड्यात जाल तर मंडळं निशाणं घेऊन गात आत शिरताना दिसतील.

गाडीला वेळ असेल तर इगेलपर्यंत जाऊन या, नदीच्या दुसऱ्या काठाने आठ-दहा किलोमीटर, स्टेशनही आहे. रस्त्याच्या कडेला घरांच्या रांगेत २३ मीटर उंच रोमन खांब उभा आहे, कापडाचे व्यापारी असलेल्या सेकुंडिनी घराण्याचं हे थडगं, तिसऱ्या शतकातलं. त्यावर गठ्ठे बांधणारे हमाल, हिशेब करणारे कारकून, नाव ओढणारी माणसं कोरली आहेत. पण मध्ययुगातल्या लोकांनी त्यातल्या एका जोडप्याला सम्राट कॉन्स्टँटिनचे आईबाप समजून घेतलं. आई म्हणजे हेलेना, जिने मत्थियाच्या अस्थी आणि अंगरखा ट्रिअरला पाठवला अशी श्रद्धा. म्हणून या थडग्याला कोणी हात लावला नाही.